हौद्याच्या गाडीला वारसा कोण म्हणणार?

जुन्या गाडीला आपल्याकडं दोन नावं आहेत. बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी असली तर ती व्हिंटेज, गोठ्याशेजारी उभी असली तर खटारा. पहिलीला टेकून लोक फोटो काढून घेतात, दुसरीला टेकून मालकाला अक्कल शिकवतात. ‘आबा, घाला की वजनावर. लोखंडाला भाव चांगला हाय.’ मी गेली अठरा वर्षं एक जुनी, जीपच्या तोंडाची पिकअप दुरुस्त करत आणि राखत आलोय. एवढ्या वर्षांत हे वाक्य इतक्या जणांनी ऐकवलंय, की प्रत्येकाला तोंडी उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हौद्याच्या गाड्यांनी या मुलखातली खेडी बाजाराला जोडली. त्या राखणं म्हणजे वारसा राखणं आहे. पण सरकारच्या नियमात, शहराच्या नजरेत आणि खुद्द आपल्या गावाच्या मनात त्याला जागा नाही. ती जागा मागायला मी बसलोय.

आजच्या पोरांना पिकअप म्हणजे परवा-परवा आलेली पांढरी गाडी वाटते. तिच्या आधी दोन पिढ्या होऊन गेल्या. महिंद्रा ही १९४५ सालची कंपनी. अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडण्यापासून तिनं सुरुवात केली आणि पुढं ती जीप इथंच घडू लागली. तिचं बॉनेट उंच असायचं. ते दिसायला म्हणून नव्हे, इंजिनापायी. त्या पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यानं इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. हीच जीप लांब चासीवर घेऊन मागं हौदा बसवला, की झाली पिकअप. दुसरीकडं १९५८ साली बजाज टेम्पो निघाली. जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी तिचा करार होता. तीन चाकांची हॅनसीट आली, मग मॅटाडोर आली. आज आपण कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला सर्रास ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्द त्या जर्मन कंपनीचा. गाडी आपल्या भाषेत शिरली, पण वारशाच्या यादीत काही शिरली नाही.

आमच्याकडं सडक आली ती बहात्तरच्या दुष्काळात. बायामाणसांनी उन्हात खडी फोडून ती केली. त्या सडकेवरनं गावात जी पहिली मोटार नेमानं येऊ लागली ती साहेबाची ॲम्बेसेडर नव्हती, पिकअप होती. सकाळी दुधाच्या कॅना, दुपारी कोबी-टोमॅटो, हंगामात गुळाचे रवे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, रात्री अडलेली बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात. लग्नाचं वऱ्हाड तिच्यातनं जायचं, जोतिबाच्या यात्रेलाही तीच. दवाखाना गाठायच्या आधीच हौद्यात जन्मलेली, आज पन्नाशीला टेकलेली दोन माणसं आमच्या गावात आहेत. असल्या गाडीला इतिहास नाही म्हणायचं, तर मग इतिहास कशाला म्हणायचं?

आता नियम बघा. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत भर घातली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपाटी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. रोज रस्त्यावर फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, तेल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. इथवर माझी काही तक्रार नाही. छंद आहे तर त्याला शिस्त हवीच. पण हा मान कुणाला? खासगी वापराच्या दुचाकीला आणि चारचाकीला. माल वाहणारी, धंद्याची गाडी त्यात बसत नाही. म्हणजे एखाद्या संस्थानिकानं शिकारीला नेलेली मोटार वारसा, आणि त्याच काळात अख्ख्या गावाचा भाजीपाला वाहणारी पिकअप भंगार. जिनं काम केलं तीच बाहेर!

मी कागद घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. साहेब तरुण, बोलायला मऊ. म्हणाला, ‘काका, ही गुड्समध्ये नोंदलेली आहे, व्हिंटेजमध्ये बसत नाही. रस्त्यावर आणायची तर मालगाडीसारखं दरवर्षी फिटनेस लागेल.’ त्याच्यावर माझा राग नाही, नियम काही त्यानं केला नाही. पण वर्षात चार वेळा बाहेर निघणाऱ्या रिकाम्या गाडीला रोज दोन टन ओढणाऱ्या गाडीचा कायदा लावायचा, यात कसला न्याय? आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी किती वाढली ते ज्यानं भरली त्याला विचारा. साध्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीला ६०० रुपये लागायचे, त्याचे ५,००० झाले. मालगाड्यांनाही तीच चढण.

व्हिंटेजच्या नियमातली दुसरी अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. ऐकायला बरं वाटतं. पण मूळ रूपात कोणती गाडी राहते? जी शेडमध्ये कापडाखाली झाकून ठेवली ती. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा खेड्यातल्या गाड्यांची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेल इंजिनं बसवली गेली. ती हौस नव्हती, परवडत नव्हतं म्हणून बसवली. माझ्या गाडीत माझ्या आधीच्या मालकानं १९८१ साली बसवलं, आरसी बुकात तशी नोंद आहे. हौद्याच्या पत्र्याचा तळ खतानं आणि मिठाच्या पोत्यांनी खाऊन टाकला, म्हणून तिथं बाभळीच्या फळ्या आल्या. ही भेसळ नाही, हा त्या गाडीचा इतिहासच आहे. आजोबाच्या कुऱ्हाडीचा दांडा बापानं बदलला म्हणून ती कुऱ्हाड आजोबाची राहत नाही काय? कागदावर नोंद असलेला, चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीचा बदल मूळ रूपातच धरायला पाहिजे.

अमेरिकेकडं बघा म्हणतात सगळ्याच बाबतीत, तर इथंही बघा. फोर्डनं १९२५ साली आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा लावून विकायला काढलं. १९४८ साली त्यांची एफ मालिका सुरू झाली, ती अजून चालू आहे. तिथले लोक शेतावरची जुनी पिकअप उचलतात, नीट करतात आणि मिरवतात. तिला मातीची गाडी म्हणून कुणी नाक मुरडत नाही. आपल्याकडं नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, ते असायलाच हवं. पण ज्या गाडीनं रणगाड्याएवढीच माती तुडवली, तिच्यासाठी एखादी शेड तरी कुठं आहे?

आता घरच्या आहेराकडं वळतो. थोरला म्हणतो, ‘आबा, हिच्यावर घातलेल्या पैशात ठिबक झालं असतं.’ ठिबक झालंय, तेही सांगतो. वर्षाला दहा-बारा हजार रुपये या गाडीवर जातात. जवळपास तेवढेच पैसे लोक यात्रेत, जेवणावळीत आणि वाढदिवसाच्या फलकावर उडवतात, तिथं कुणी हिशेब मागत नाही. खरी अडचण निराळीच आहे. शेतकऱ्याला छंद असतो हेच लोकांना पटत नाही. त्यानं एकतर रडावं, नाहीतर राबावं. शहरातल्या माणसानं जुनी स्कूटर नीट केली की त्याचं कौतुक, आणि आम्ही पाना हातात घेतला की म्हातारचळ. खिलार खोंड राखणारा, तालमीत पैलवान पोसणारा शेतकरी आपल्याला चालतो. मग लोखंडाचं जनावर राखणारा का चालू नये?

धुराचं म्हणाल, तर तो आक्षेप मी उडवून लावत नाही. जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडतं, हे खरं. पण काळा धूर हा बऱ्याच वेळा म्हातारपणाचा नसतो, हयगयीचा असतो. नोझल साफ करून प्रेशर तपासलं, पंप बसवून घेतला, एअर फिल्टर धुतला, की निम्मा धूर तिथंच कमी होतो. आणि माझी गाडी वर्षात दोनशे किलोमीटरसुद्धा चालत नाही. सुरक्षेचंही तसंच. या गाड्यांना ब्रेकची एकच लाइन असते. पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पट्टे नाहीत, काही नाही. म्हणून मी स्पष्ट सांगतो, हिच्यात माणसं भरू नयेत, ऊसतोडीच्या टोळ्या तर मुळीच नेऊ नयेत. जिनं पन्नास वर्षं ओझं वाहिलं तिला आता रिकामीच चालवावी. आम्हाला सवलत नको, वेगळा वर्ग हवा आहे, तो याचसाठी.

आपल्यातल्याच काहींनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. जुनी जीप घ्यायची, ट्रॅक्टरएवढे टायर घालायचे, वर दिव्यांची माळ, पुढं कर्णा, मागं कुणातरी साहेबांचा फोटो. याला गाडी राखणं म्हणत नाहीत, ही विटंबना आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असल्या मनमानी बदलांना मनाई करतं आणि ते योग्यच आहे. अशा चार गाड्या रस्त्यावर दिसल्या, की पोलिसांच्या नजरेत आम्ही सगळेच तसले ठरतो.

आणि दलाल. ‘पंधरा वर्षं झाली, आता सरकार ओढून नेणार’ असं सांगून हे लोक खेड्यातनं गाड्या मातीमोल उचलतात. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची बंदी निघाली ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेलं भंगार धोरणही खासगी मालकाची गाडी नुसत्या वयावरनं मोडीत काढत नाही. तपासणीत ती पास होते की नाही, ते बघतं. हे गावात कुणी सांगत नाही, म्हणून चांगली चासी गॅसकटरखाली जाते.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र गाडीचं नाही, हाताचं होतंय. आमच्या बाजारच्या गावात एक मिस्त्री होते. शाळा चौथीपर्यंत. लांब पेचकसाची मूठ कानाला लावायचे, टोक ब्लॉकला टेकवायचे आणि कुठलं बेअरिंग वाजतंय ते सांगायचे. जीपच्या इंजिनाचं फायरिंग एक-तीन-चार-दोन, हे त्यांनी पोरांकडनं पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. पाटे उलगडून मधे ग्रीस कसं घालायचं, किंगपिनचा बुश किती घट्ट बसवायचा, टॅपेटमधनं पट्टी किती अडकत जायला हवी, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. मिळत नाही तो भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून आणायचे. ते गेले, त्यांची पोरं मोबाइलच्या दुकानात बसतात. पोरांचा दोष नाही, त्या हाताला कुणी किंमतच ठेवली नाही.

हा रडगाण्याचा विषय नाही, पोटाचा आहे. नव्या गाडीचा दिवा पेटला की लॅपटॉप लावल्याशिवाय दोष कळत नाही, आणि लॅपटॉप शोरूमवाल्याकडंच असतो. ट्रॅक्टरही त्याच वाटेनं निघालेत. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरला जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे निकष लागले आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक पंप-नोझल आले. पेरणीची घात चाललीय आणि एका सेन्सरपायी ट्रॅक्टर चार दिवस उभा, हे दुखणं आता गावोगाव आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्यात शेतीची अवजारंही घेतली. चांगली गोष्ट. पण हक्क कागदावर मिळाला आणि दुरुस्त करणारा हातच उरला नाही, तर तो हक्क काय चाटायचा? जुनी पिकअप ही त्या हाताची शाळा आहे. बॉनेट उघडलं की सगळं दिसतं, सगळं सुटतं, सगळं परत बसतं.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. व्हिंटेजच्या नियमात ५० वर्षांवरच्या मालवाहू गाड्या घ्या. माल आणि माणसं वाहायची नाहीत, ही अट खुशाल घाला. आरसी बुकात नोंदलेला जुना इंजिनबदल मूळ रूपात धरा. मोडीत निघालेल्या गाड्यांतली निदान एक-एक तालुक्याच्या आयटीआयला द्या आणि तिच्याबरोबर एक म्हातारा मिस्त्री मानधनावर ठेवा, त्याच्याकडं दाखला नसला तरी.

हे व्हायचं तेव्हा होईल. तोवर ज्याच्या गोठ्यामागं अशी गाडी उभी असेल, त्यानं काट्यावर न्यायच्या आधी एवढं करावं. ती विटांवर चढवून टायरवरचा भार काढावा. टाकीतलं कुजकं तेल उपसावं. पेट्रोलची असली तर प्लगच्या भोकातनं, डिझेलची असली तर नोझल काढून चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये सोडावं आणि इंजिन हातानं फिरतंय का बघावं. बॅटरी काढून ठेवावी. वायरी उंदरांपासून राखाव्यात. आणि पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी आरसी बुक असेल, ते शोधून कोरड्या जागी ठेवावं. लोखंड पुन्हा मिळवता येतं, कागद मिळत नाही.