कोठें लागलें ?

अकोल्याहून वाशीमवरून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सायकलीनें जाणारे बहुतेक लोक हौशी खेळाडू नसतात. ते दूधवाले, शेतमजूर, शाळकरी मुली असतात. मागून येणारा ट्रक त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून निघून जातो. अशी एक तक्रार आम्ही वाहनाच्या क्रमांकासह एका ठाण्यांत नेली. प्रश्न आला, "कोठें लागलें ?" लागलें नव्हतें, म्हणून कागदावर कांहीं उतरलें नाहीं.

हा प्रश्नच मुळीं कायद्यास सोडून आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ प्रमाणें मनुष्याच्या जीवितास धोका पोहोंचेल अशा बेदरकारपणें सार्वजनिक रस्त्यावर वाहन हांकणें हाच गुन्हा होय. त्यासाठीं रक्त सांडावें लागत नाहीं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्यें तर २०१९ च्या दुरुस्तीनें नियमबाह्य रीतीनें पुढें जाण्याचा स्पष्ट उल्लेख आला आहे.

पुरावा मिळत नाहीं, असें कोणी म्हणेल. इंग्लंडांतील वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनीं २०१६ सालीं स्वतःच सायकलीवर बसून असे चालक पकडले. मनांत असेल तर पुरावा मिळतो.

राज्यशासन गरजू मुलींना शाळेसाठीं सायकली देतें, आणि त्याच शासनाचा अंमलदार तक्रार लिहिण्यापूर्वीं जखम पाहूं इच्छितो ! आमची मागणी एवढीच कीं, जिल्ह्यांतील प्रत्येक ठाण्यानें ही तक्रार पंचनाम्याची वेळ येण्यापूर्वींच लिहून घ्यावी.