परतीचे दोर आणि उलटं घड्याळ

करोल बागचं मेट्रो स्टेशन ३१ डिसेंबर २००५ रोजी सुरू झालं. बाराखंबा रोड ते द्वारका हा तो मार्ग. दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा मुदतीच्या बराच आधी संपला, आणि त्या दिवसांत कामाच्या जागांवर उलटं चालणारं घड्याळ टांगलेलं असे. किती दिवस झाले ते नाही, किती उरले ते दाखवणारं. ई. श्रीधरन यांची ही सवय कोकण रेल्वेपासूनची. तिथे घड्याळ हरलं, हेही सांगायला हवं. १९९० मध्ये ठरलेलं पाच वर्षांचं उद्दिष्ट गोव्यातल्या मार्गाच्या वादाने आणि पेडण्याच्या बोगद्यातल्या भुसभुशीत मातीने हुकवलं. पूर्ण मार्ग खुला व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडलं. पण आपण किती मागे पडलोय हे प्रत्येकाला दिसत होतं. घड्याळाचा खरा उपयोग तोच.

आता याच स्टेशनातून रोज सकाळी पाठीवर सॅक अडकवलेली पोरं बाहेर पडतात आणि ओल्ड राजिंदर नगरकडे वळतात. दिल्लीतल्या पोस्टिंगमुळे माझं तिकडे वरचेवर जाणं होतं, आणि चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहिलं की लातूर, बीड, सांगलीची बोली हमखास कानावर पडते. या मुलांच्या मेहनतीबद्दल माझी काही तक्रार नाही. भिंतीवर वेळापत्रक असतं, कुठलं पुस्तक कितव्यांदा वाचायचं हे ठरलेलं असतं. उलटं घड्याळ तेवढं नसतं. थांबायचं कधी, हे कुणीच लिहून ठेवलेलं नसतं.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत, तरी एकदा समोर ठेवतो. अर्ज दहा लाखांच्या घरात. जागा हजाराच्या आसपास. पूर्वपरीक्षेतून मुख्य परीक्षेला जागांच्या साधारण बारा-तेरा पट उमेदवार घेतात, मुलाखतीला दुपटीहून थोडे जास्त. खुल्या गटाला सहा प्रयत्न आणि ३२ वर्षं वयाची मर्यादा, ओबीसींना नऊ प्रयत्न आणि ३५ वर्षं. बाविसाव्या वर्षी सुरुवात करणारा मुलगा नियमाप्रमाणे दहा वर्षं या गल्ल्यांत काढू शकतो. आयोगाची मर्यादा हीच तो आपली योजना समजतो, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. आयोग फक्त कुणाला परीक्षेला बसू द्यायचं ते ठरवतो. एका घराने किती वर्षं आणि किती पैसा लावायचा हे आयोगाचं काम नव्हे.

करोल बागेत मराठी माणसाचा एक जुना धंदा आहे, गलाईचा. खानापूर, आटपाडी, विटा या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली, तशी इथेही आली. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. गावाकडचं पोरगं मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात येतं. आधी झाडलोट आणि भट्टी, मग मूस, ॲसिड, काटा. काही वर्षांनी हात बसला की त्याला वेगळ्या गावी दुकान थाटून देतात, आणि नाहीच जमलं तर ते त्याला स्पष्ट सांगतात. कागदावर काही नाही, पण टप्पे आहेत, भांडवलाला हद्द आहे, पारखणारा माणूस आहे. अशाच एका दुकानदाराशी माझी ओळख झाली. त्यांचा पुतण्या चौथ्या प्रयत्नात होता. मी विचारलं, "काका, किती वर्षं बघणार?" ते म्हणाले, "साहेब, तो शिकलेला आहे, त्याला मी काय विचारणार?" दहा ग्रॅम सोन्यात किती घट येईल हे क्षणात सांगणारा माणूस पुतण्याच्या बाबतीत हिशेब मागायला बिचकत होता. आपल्याकडे शिक्षणाला हा एक मान आहे, आणि त्याची किंमत घर मोजतं.

फौजेत माघार ही बचाव, चढाई यांसारखीच एक कारवाई असते. तिची वेळ ठरते, कुठली कंपनी आधी निघेल आणि कोण पाठ राखेल हे ठरतं, आणि हे सगळं गोळी सुटण्याआधी ठरतं. ज्या तुकडीची माघार ठरलेली नसते ती मागे येत नाही, ती उधळते. माजी सैनिक वाचकांना हे मी काय सांगणार.

यावर मुलं एक उत्तर देतात आणि ते मला हलकं वाटत नाही: "सर, दुसरा पर्याय ठेवला की जोर कमी पडतो. सूर्याजीने दोर कापले म्हणून गड आला." खडकवासल्याला प्रबोधिनीत तीन वर्षं सिंहगड समोर बघत काढली आहेत, त्यामुळे या उदाहरणावर माझाही थोडा हक्क आहे. दोर कापले गेले ते मावळे कडा चढून वर पोचल्यावर, लढाई अंगाशी भिडल्यावर. पायथ्याशी कुणी दोर कापत नाही. मुलाखतीपर्यंत पोचलेल्याने वर्षभर सगळं बाजूला ठेवलं तर मी समजू शकतो. पूर्वपरीक्षाही न निघालेल्या मुलाने हातातली नोकरी सोडणं म्हणजे कड्याखालीच दोर कापणं.

क्लासवाले हे सांगणार नाहीत. त्यांच्या धंद्याचं नियोजन चोख असतं, पण ते बाकांचं. २७ जुलै २०२४ ला ओल्ड राजिंदर नगरात एका क्लासच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. परवानगी सामान ठेवायची होती, चालत होतं वाचनालय. आत किती जण बसतील याचा हिशेब झाला होता. आधी विचारायला हवं होतं ते बाहेर कसे पडतील.

तारीख आधीच का ठरवावी, याचं एक साधं कारण वेळापत्रकातच आहे. २०२४ च्या परीक्षेचा अंतिम निकाल २२ एप्रिल २०२५ ला लागला आणि पुढची पूर्वपरीक्षा २५ मे ला होती. मधे तेहतीस दिवस. पुढच्या परीक्षेचा अर्ज तर फेब्रुवारीतच भरून झालेला. यादीत नाव नसलेल्या मुलाला त्या महिन्यात शांतपणे विचार करायला सांगणं व्यर्थ आहे. तो पुन्हा पुस्तक उघडणार. म्हणून हे बोलणं दिल्लीचं तिकीट काढायच्या आधी, घरी, आईवडिलांसमोर व्हावं: किती प्रयत्न, किती रुपये, आणि सोबत कुठली दुसरी परीक्षा किंवा नोकरी. मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलेल्यांसाठी आयोगाने 'प्रतिभा सेतू' काढलाय, उमेदवाराची संमती असेल तर त्याची माहिती नोकरी देणाऱ्यांना मिळते. त्याबद्दल विचारलं तर टपरीवरच्या सहापैकी दोघांनीच नाव ऐकलं होतं.