विचारणारीही त्यांच्यातलीच हवी

कुणीतरी फोटोत फेरफार करून तो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतं. कुणी मुलीच्या नावानं खोटं अकाउंट काढतं, कुणी रात्री-अपरात्री घाणेरडे मेसेज धाडतं. अशा वेळी ती मुलगी आधी कुणाला सांगते? बहुतेकदा मैत्रिणीलाच. कारण घरी कळलं की आधी हातातला फोन जातो, मग कॉलेज सुटतं आणि पाठोपाठ ‘स्थळं’ येऊ लागतात. म्हणजे गुन्हा त्याचा आणि शिक्षा हिला!

कायदा नाही असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. इंटरनेटवरून मुलीचा पिच्छा पुरवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. पण तक्रारच झाली नाही तर कायदा काय करणार? पोलिसांच्या नोंदवहीत आकडा लहान दिसतो आणि आपण म्हणतो, ‘आपल्याकडे तसलं काही नाही बाई!’

मग खरं चित्र कळायचं कसं? बाहेरून कुणी ताई कागद घेऊन आली, तर रिसोड-मानोऱ्याची मुलगी सासूबाईंसमोर किंवा आईसमोर काय बोलणार? मला वाटतं, हे काम वाशिम जिल्ह्यातल्या तरुण मुलींच्याच हाती द्यावं. प्रश्न त्यांनी ठरवावेत, मैत्रिणींशी त्यांनी बोलावं आणि निष्कर्षही त्यांनीच मांडावेत.

ही कल्पना काही हवेतली नाही. मुंबईत ‘पुकार’ या संस्थेनं २००५ पासून युवा फेलोशिप राबवली. त्यात वस्त्यांमधल्या तरुण मुलामुलींनी गट करून आपल्याच जगण्यातल्या विषयांचा अभ्यास केला. संस्थेचे संस्थापक, मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ मध्ये ‘संशोधनाचा हक्क’ मांडला. संशोधन ही फक्त विद्वानांची मक्तेदारी नाही, हे त्याचं सार.

पण मैत्रिणींनो, ही संशोधक म्हणजे फुकटात फॉर्म भरून घ्यायला मिळालेली पोरगी नव्हे. तिला मानधन हवं. दुसरीचं दुःख ऐकून तिचंही मन जड होणार, तेव्हा तिचं ऐकणारं कुणीतरी हवं. कुणाचे स्क्रीनशॉट तिनं स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नयेत. नाव तर नाहीच, गावही लिहू नये. लहान गावात ‘अमक्या वर्षाला शिकणारी, तमक्या आळीतली’ एवढंही ओळख पटायला पुरतं.

आणखी एक महत्त्वाचं. मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक गुन्हा कळला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तो पोलिसांना कळवावाच लागतो. तिथं ‘कुण्णाला सांगणार नाही’ असं वचन देता येत नाही. म्हणून सुरुवात अठरा वर्षांवरच्या मुलींपासून करावी आणि ही अट बोलण्याआधीच सांगावी.

बायकांनी आपल्या बदनामीचा हिशेब स्वतः मांडणं आपल्या भागाला नवं नाही. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचं निमित्त करून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक चालली होती, तिला ते रोखठोक उत्तर होतं. तेव्हा छापखाना होता, आता मोबाइल आहे, एवढंच.

वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव इथल्या कॉलेजांनी राष्ट्रीय सेवा योजनेतून दहा-दहा मुलींपासून सुरुवात करून पाहावी. जे निघेल ते पालकसभेत आणि पोलिसांसमोर मुलींनीच सांगावं.

तोवर घरोघरी आपण एवढं तरी पाळू या. लेक काही सांगायला आली, तर ‘तू फोनवर काय करत होतीस?’ हा पहिला प्रश्न विचारायचा नाही. आणि तिचा फोन काढून घ्यायचा नाही.