६७ मिनिटांत आरोपी सुटले, ते कोर्ट या गावाने जपून का ठेवलंय?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात टॅलहॅची नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. पण कापसावर उभ्या राहिलेल्या या ग्रामीण काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत फक्त १२,७१५ होती. इथल्या समनर या छोट्याशा गावात चौकात विटांचं जुनं कोर्ट आहे. २०२३ मध्ये ते राष्ट्रीय स्मारकाचा भाग झालं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गावातल्या कोर्टात असं काय घडलं?

१९५५ चा खटला

शिकागोचा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल सुट्टीत मिसिसिपीत नातेवाइकांकडे आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईला शिट्टी मारली, असा त्याच्यावर आळ आला. २८ ऑगस्टच्या रात्री त्याला घरातून उचलून नेलं. तीन दिवसांनी टॅलहॅची नदीत मृतदेह सापडला. मानेला जिनिंगचा जड लोखंडी पंखा काटेरी तारेने बांधलेला होता.

मृतदेह टॅलहॅची काउंटीच्या हद्दीत सापडल्याचं शेरीफने सांगितलं आणि खटला समनरला आला. रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मायलम हे दोघे गोरे आरोपी होते. ज्यांच्या घरातून एमेटला नेलं त्या मोझ राइट यांनी भर कोर्टात उभं राहून आरोपींकडे बोट दाखवलं. त्या काळच्या मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसाने हे करणं म्हणजे जीव धोक्यात घालणं होतं.

तरी २३ सप्टेंबरला ज्युरीने ६७ मिनिटांत दोघांनाही निर्दोष सोडलं.

खरा घोळ मतदार यादीत होता

ज्युरीतले १२ ही जण गोरे पुरुष होते. हा योगायोग नव्हता. ज्युरीची नावं मतदार यादीतून निवडली जायची. काउंटीतले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, पण मतदार म्हणून त्यांच्यापैकी एकाचंही नाव नोंदलेलं नव्हतं. मतदानासाठी कर, राज्यघटनेच्या कलमाचा अर्थ सांगायची परीक्षा आणि वर मारहाणीची भीती, असा सगळा बंदोबस्त होता. महिलांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत ज्युरीत बसता येत नव्हतं.

म्हणजे मत देण्याचा हक्क गेला, की न्याय मागण्याचा हक्कही आपोआप जातो. पुढे जानेवारी १९५६ मध्ये दोघांनी एका मासिकाला खुनाची कबुलीही दिली. पण एकदा सुटलेल्या आरोपींवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही.

गावानेच माफी मागितली

पुढची जवळपास पन्नास वर्षं काउंटीने या विषयावर मौन पाळलं. २००६ मध्ये ९ कृष्णवर्णीय आणि ९ गोऱ्या सदस्यांची समिती बनली. २ ऑक्टोबर २००७ ला याच कोर्टासमोर टिल कुटुंबाची जाहीर माफी मागण्यात आली. नंतर खटल्याचं दालन १९५५ मध्ये होतं तसं पुन्हा उभारलं गेलं.

हे सगळ्यांनाच रुचलं असं नाही. नदीकाठची स्मृतिपाटी आधी चोरीला गेली, मग नव्या पाट्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. अखेर २०१९ मध्ये बुलेटप्रूफ पाटी बसवावी लागली.

आज हा विषय का महत्त्वाचा?

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एक आदेश काढला. केंद्राच्या ताब्यातल्या स्मारकांवर अमेरिकन लोकांना अनुचितपणे कमी लेखणारा मजकूर नको, असं त्यात म्हटलंय. त्यात समनरचं नाव नाही. पण हे राष्ट्रीय स्मारक केंद्राच्याच खात्याकडे आहे, त्यामुळे इतिहास कोणत्या शब्दांत सांगायचा, हा प्रश्न इथेही येतोच.

समनरची जमेची बाजू एकच. इथली आठवण वॉशिंग्टनने लादलेली नाही. केंद्राने दखल घेतली त्याच्या १६ वर्षं आधी स्थानिकांनी स्वतः माफी मागितली होती. सरकारी पाटीवरचा मजकूर एका सहीने बदलू शकतो. पण गावाने आपल्याच कोर्टासमोर उभं राहून दिलेली कबुली तशी पुसता येत नाही.