थंडीचाही खर्च धरा



जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता दिल्ली, बनारसच्या विद्यापीठांत शिकायला जाऊ लागली आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. भुसावळला झेलम किंवा पंजाब मेलमध्ये बसले की दुसऱ्या दिवशी दिल्ली. घरची मंडळी फी, वसतिगृह, मेस, पुस्तके, गाडीभाडे असा सगळा हिशेब मांडतात. त्यात एक कलम मात्र हमखास राहून जाते, ते थंडीचे.

कोणी म्हणेल, थंडी काय आपल्याकडे नाही? आहे ना! धुळ्याचा पारा काही वर्षी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागांनाही थंडी बाधते. पण आपली थंडी रात्रीची आणि पहाटेची. नऊ-दहाला ऊन अंगावर आले की स्वेटर उतरतो. उत्तरेत डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत दाट धुके पडते, काही दिवस ऊन दिसतच नाही. दुपारचे तापमानसुद्धा १५-१६ अंशांच्या आत राहते. भिंत गार, गादी गार, पाणी गार. एक गोधडी आणि एक स्वेटर तिथे पुरत नाही.

अनेक ठिकाणी सत्र परीक्षा याच सुमारास येतात. रात्री झोप लागत नाही, सकाळी बोटे आखडतात, पेन चालत नाही. मार्क कमी पडले की आपण म्हणतो, पोराचे अभ्यासात लक्ष नाही. पोरगा फोनवर 'मी बरा आहे' एवढेच सांगतो. बाप हमाली करतो, आई धुणीभांडी करते, हे त्याला ठाऊक असते. रजईसाठी पैसे मागायला त्याची जीभ रेटत नाही.

काही जण म्हणतात, बाबासाहेबांनी किती सोसले, मग यांनी सोसायला काय हरकत आहे? १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड. पुढे लंडनला त्यांनी अर्धपोटी राहून अभ्यास केला. पण त्यांनी सोसले ते पुढच्या पिढीला सोसावे लागू नये म्हणून. मुलाने कुडकुडण्यात कसला त्याग? त्याने शिकावे, हेच खरे.

म्हणून दिवाळीला मूल घरी आले की जाताना तयारी करून द्या. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. आत अंगाबरोबरचे गरम बनियन-पायजमा, त्यावर लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारे जाकीट. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचे दोन जोड. मोजे ओले झाले तर लगेच बदलावेत. हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी बांधव स्वेटर विकायला येतात. दिल्लीतही काश्मिरी गेटजवळ त्यांचा मोनेस्ट्री बाजार आहे. रजई मात्र तिथेच घ्यावी, गाडीत ओझे नको. स्लीपरच्या डब्यात पांघरूण मिळत नाही, तेव्हा एक शाल हाताशी हवी. धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात, म्हणून भाकरी-चटणी जास्तीची बांधून द्या. खोलीवर खायला शेंगदाणे, गूळ, तीळ द्या. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यायलाच हवे. बोटे गारठली तर एकदम हीटरवर धरू नयेत, सुजतात आणि खाजतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. उत्तरेत दर हिवाळ्यात असे बळी जातात. पाणी तापवायचा रॉड बंद करून, प्लग काढूनच बादलीत हात घालावा. मुलाला हे दोनदा बजावून सांगा.

मी कारकून माणूस, मला जमाखर्च कळतो. शिष्यवृत्तीचे पैसे थंडीची वाट बघून येत नाहीत. त्यामुळे जूनपासूनच दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी. एकट्याला जमत नसेल तर विहारात चार घरांनी मिळून एका विद्यार्थ्याची रजई उचलावी. शिक्षण संपवून परतणाऱ्याने आपली रजई आणि कोट तिथल्या धाकट्या भावा-बहिणीला देऊन यावे. म्हणजे एकाच कपड्यात दोन-तीन पदव्या होतील.

आणि फोन केला की 'कसा आहेस?' एवढेच विचारू नका. 'रात्री अंगावर काय घेतोस?' असे विचारा. खरे काय ते कळेल.

जयभीम.