घोडीचं रक्त नेमकं काय सांगतं?

डोणगावसारख्या गावात वरातीच्या घोडीचं रक्त तपासायचं म्हटलं, की मालकाच्या पोटात गोळा येणारच. कारण ग्लँडर्स! त्या रोगाचं निदान पक्कं झालं तर कायद्याने जनावराला दयामरण द्यावं लागतं. पण डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूंची तपासणी वेगळी आहे. हा फरक समजून घेऊया.

जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो, वेस्ट नाइलचा पक्ष्यांत. दोन्ही क्युलेक्स डास पसरवतात. घोडा आणि माणूस आजारी पडू शकतात, पण त्यांच्या रक्तात विषाणू इतका वाढत नाही की नव्या डासाला लागण व्हावी. म्हणजे घोड्यापासून रोग पुढे जात नाही.

मग तपासायचं कशाला? लागण झाली की रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज तयार होतात आणि दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे धडधाकट घोडाही सांगतो, की त्याला विषाणूवाला डास चावला होता. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने २००६ ते २००९ दरम्यान १३ राज्यांतली ३,२८६ घोडावर्गीय जनावरं तपासली. ३२७ जनावरांत, म्हणजे सुमारे १० टक्क्यांत, जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडं सापडली.

आता डोणगावचा विचार करू. हे डास भातखाचरांत जोमाने वाढतात. बुलढाणा मात्र सोयाबीन-कापसाचा जिल्हा. इथली घोडी पॉझिटिव्ह आली तर धोका गावातच आहे का? लगेच तसं म्हणता येणार नाही. ती सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली असेल, तर डास नेमका कुठे चावला? शिवाय दोन्ही विषाणू एकाच कुळातले, त्यामुळे साधी चाचणी गोंधळू शकते. न्यूट्रलायझेशन चाचणीने खात्री करावी लागते.

म्हणून माझ्या मते प्रत्येक नमुन्यासोबत जनावराचं वय आणि ते कुठून, कधी आलं याची नोंद हवीच. गावातच जन्मलेलं, वर्षभराचं शिंगरू सगळ्यात भरवशाचं. अगदी लहान नको, त्याच्यात आईची प्रतिपिंडं असू शकतात.

आणि हे रक्त कोणत्या रोगासाठी तपासणार, हे मालकाला आधीच लेखी द्यावं. नाहीतर तो घोडी पाहुण्यांकडे पाठवून मोकळा होईल, आणि गावातल्या लेकरांवरचा धोका ओळखायची एक सोपी वाट बंद होईल.