फेलोशिप हक्काची की मेहेरबानीची?



इंजिनिअरिंग कॉलेजांच्या नोटीस बोर्डवर हल्ली कंपन्यांच्या फेलोशिपची पोस्टर्स झळकतात. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही ती फिरतात. 'आपल्या मुलांपर्यंत पोहोचवा' असा संदेश खाली असतो आणि त्यावर अंगठ्यांची रांग लागते. हेतू चांगलाच असतो. पण ते पोस्टर पुढे पाठवण्याआधी त्यातल्या अटी किती जण वाचतात? ज्याला ते पाठवले, तो मुलगा किंवा ती मुलगी अर्ज तरी करू शकते का?

क्वालकॉम इनोव्हेशन फेलोशिपचे उदाहरण घेऊ. मोबाईलच्या चिप बनवणाऱ्या या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये आपल्या देशात ही योजना सुरू केली आणि पुढे भारतातही आणली. तिची मूळ कल्पना अशी: दोन संशोधक विद्यार्थ्यांनी जोडी करायची, एक नवी कल्पना मांडायची, प्राध्यापकाचे शिफारसपत्र जोडायचे आणि कंपनीच्या तज्ज्ञांपुढे सादरीकरण करायचे. निवड झाली की पैसे मिळतात आणि कंपनीचा इंजिनिअर मार्गदर्शक म्हणून मिळतो. ऐकायला छान आहे. जातीचा उल्लेख कुठेच नाही. पण जातीचा उल्लेख नाही म्हणून जात नाही, असे मानायला आपण काही कालपरवा जन्मलो नाही.

या योजनेला तीन दरवाजे आहेत. तिन्ही नीट तपासू.

पहिला दरवाजा संस्थांच्या यादीचा. भारतात अशा फेलोशिप मुख्यतः आयआयटी, आयआयएस्सी आणि अशाच निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. आता नवी मुंबई बघा. ऐरोलीपासून नव्या पनवेलपर्यंत दहा-बारा इंजिनिअरिंग कॉलेजे सहज मोजता येतील. आयआयटी एकही नाही. दिघा, रबाळे, तुर्भे इथल्या वस्त्यांमधून इंजिनिअर होणारी पहिली पिढी याच कॉलेजांत शिकते, तीही शिष्यवृत्ती आणि फीमाफीच्या आधारावर. यादी बाहेरच्या बाहेर त्यांना वगळते. आणि यादीतल्या संस्थांत आपली माणसे किती? संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींनी पीएचडीला २५,००७ विद्यार्थी घेतले. त्यात अनुसूचित जातीचे ९.१ टक्के आणि अनुसूचित जमातीचे २.१ टक्के होते. कायद्याने जागा आहेत १५ आणि ७.५ टक्के. म्हणजे ज्या तलावातून कंपनी मासे धरते, त्या तलावात आपल्याला आधीच उतरू दिलेले नाही.

दुसरा दरवाजा जोडीचा. दोघांनी मिळून अर्ज करा, यात वरवर पाहता सहकार्याची भावना आहे. पण समाजशास्त्राचा साधा प्रश्न विचारा: कोण कोणाला जोडीदार म्हणून निवडतो? जोडी लॅबमध्ये जमते, मेसच्या टेबलावर जमते, इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कट्ट्यावर जमते. कॅम्पसमध्ये पहिल्याच आठवड्यात 'तुझी रँक किती?' असे विचारले जाते आणि त्या एका प्रश्नात प्रवर्ग कळतो. पुढे तोच विद्यार्थी हुशार असूनही 'कोट्यातला' ठरतो. आयआयटी मद्रासचा अभ्यास करून अजंथा सुब्रमण्यन यांनी २०१९ मध्ये 'द कास्ट ऑफ मेरिट' हे पुस्तक लिहिले. उच्चजातीयांची जात तिथे 'गुणवत्ता' हे नाव घेऊन कशी वावरते, हे त्यांनी दाखवले आहे. अशा वातावरणात जोडीची अट म्हणजे आपल्या मुलाने आधी वर्गमित्राची निवड समिती पार करायची, मग कंपनीची.

तिसरा दरवाजा शिफारसपत्राचा आणि मुलाखतीच्या टेबलाचा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास अनेकांना ठाऊक असेल. खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फरक होता फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी निघाली. नोकरीच्या अर्जाला जे होते ते फेलोशिपच्या अर्जाला होत नाही, हे कोणी सिद्ध केले आहे? निकाल लागतो तेव्हा विजेत्यांची नावे, संस्था आणि विषय छापून येतात. किती दलित, आदिवासी, ओबीसी विद्यार्थ्यांनी अर्ज केले आणि किती निवडले गेले, ते छापून येत नाही. मोजलेच नाही, तर भेदभाव सापडणार कसा?

यावर एक ठरलेले उत्तर येते. कंपनीचा पैसा आहे, ती कोणालाही देईल, तुम्हाला काय त्याचे? हे उत्तर पटण्यासारखे वाटते, म्हणून त्याचा नीट समाचार घेतला पाहिजे.

ज्या विद्यार्थ्याला फेलोशिप मिळते, तो सरकारी इमारतीत बसतो. त्याच्या मार्गदर्शकाचा पगार सरकार देते. त्याची लॅब, वीज, उपकरणे करदात्यांच्या पैशातून येतात आणि कर म्हटला की त्यात तुर्भ्याच्या नाक्यावरचा मजूर साबणाच्या वडीवर भरतो तो जीएसटीही आला. डॉक्टरेटसाठीची पंतप्रधान फेलोशिप तर सरळ भागीदारीतली आहे. निम्मा खर्च सरकारचा आणि निम्मा कंपनीचा, आणि कारभारात उद्योगांची संघटना सीआयआय. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. त्या खर्चाच्या यादीत शिक्षण आहे आणि सरकारी संस्थांमधले संशोधनही आहे. कायद्याने घातलेले बंधन पाळण्याला दानधर्म म्हणत नाहीत.

पुढचे चित्र आणखी स्पष्ट आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभे राहिले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये, त्यातले सुमारे ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार अशा बिगरसरकारी स्रोतांतून येतील, असा हिशेब मांडला गेला. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने खासगी क्षेत्राच्या संशोधनासाठी १ लाख कोटींचा निधी मंजूर केला, तोही अत्यल्प किंवा शून्य व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जांसाठी. म्हणजे पैसा जनतेचा, निवड कंपनीची आणि आरक्षणाचा प्रश्न आला की 'आम्ही खासगी आहोत'. २००६ मध्ये खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा पेटली तेव्हाही उद्योगांच्या संघटनांनी सक्ती नाकारली आणि स्वेच्छेने करू, असे सांगितले. त्या स्वेच्छेचे काय झाले, ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरून चालत जा आणि बघा. एका बाजूला ऐरोली, महापे, घणसोलीतल्या काचेच्या इमारती. त्यांच्या सावलीतल्या वस्त्यांमधली आपली माणसे त्या इमारतींत रोज जातात, बहुतेक करून हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या गणवेशात. आणि त्या इमारती उभ्या आहेत त्या जमिनी सरकारने एमआयडीसी आणि सिडकोसाठी गावकऱ्यांकडून घेतलेल्या.

हे सगळे एकीकडे चालू असताना दुसरीकडे शासन काय करते? बार्टीच्या फेलोशिपचा इतिहास ताजा आहे. २०२२ च्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना हक्काच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसावे लागले. शासन म्हणाले, फक्त २०० जणांना देऊ. मग चाळणी परीक्षा घेतली. २४ डिसेंबर २०२३ च्या त्या परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका निघाली! त्याच महिन्यात विधान परिषदेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून दिवे काय लावणार, असा सवाल केला. तिकडे दिल्लीत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंदच झाली आणि ती बौद्धांनाही लागू होती, हे विसरू नका.

दिवे काय लावणार, हा प्रश्न कोणाला विचारला जातो ते बघा. कंपनीच्या फेलोशिपवाल्याला कोणी विचारत नाही. त्याचा सत्कार होतो.

म्हणून माझे म्हणणे नेमके एवढे आहे: हक्क काढून घेतला जातो आहे आणि त्याच्या जागी बक्षीस ठेवले जाते आहे. हक्क नाकारला तर मोर्चा काढता येतो, माहिती अधिकारात अर्ज करता येतो, कोर्टात जाता येते. बक्षीस मिळाले नाही तर काहीच करता येत नाही. 'तू कमी पडलास' एवढेच ऐकावे लागते. रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ ला जग सोडताना जे पत्र लिहिले, त्यात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, १ लाख ७५ हजार रुपयांचा उल्लेख होता. आपल्या मुलांसाठी फेलोशिप म्हणजे बायोडेटातली शोभेची ओळ नसते. खोलीचे भाडे, आईचे औषध आणि संशोधन चालू ठेवायचे की डिलिव्हरीची बॅग पाठीवर घ्यायची, याचा निर्णय असतो.

बाबासाहेबांचे चरित्र इथे डोळे उघडणारे आहे. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी ही अट. सयाजीरावांचे उपकार आपण कधीच विसरणार नाही. पण १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा काय घडले? राहायला घर मिळाले नाही, पारशी खाणावळीतून हाकलले गेले, कचेरीत शिपायांनीही विटाळ पाळला. राजाचे मन मोठे होते, तरी व्यवस्था तीच होती. एका उदार माणसाच्या मेहेरबानीने एक विद्यार्थी शिकतो, समाज शिकत नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगून जाणले.

म्हणूनच १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यात त्यांनी सरकारच्या तिजोरीतून दरवर्षी शिष्यवृत्तीची तरतूद मागितली. भारतात विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख. विज्ञान-तंत्रज्ञान! ८० वर्षांपूर्वी! हे शिक्षण महाग आहे, गरिबाला स्वतःच्या बळावर परवडणार नाही आणि म्हणून ती सरकारची जबाबदारी आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातूनच पुढे सरकारी शिष्यवृत्तीची वाट खुली झाली. बाबासाहेबांनी मेहेरबानीचे धोरणात रूपांतर केले. आज धोरणाचे पुन्हा मेहेरबानीत रूपांतर चालले आहे आणि आपण ते पोस्टर फॉरवर्ड करतो आहोत.

आणखी एक गोष्ट. पैसा देणारा विषयही ठरवतो. वायरलेस, चिप, कृत्रिम बुद्धिमत्ता हे विषय महत्त्वाचेच आहेत आणि आपली मुले तिथे असलीच पाहिजेत. पण गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारासाठी यंत्र कोण बनवणार? केरळमध्ये इंजिनिअरिंगच्या तरुणांच्या एका गटाने 'बॅंडिकूट' नावाचा यंत्रमानव बनवला. २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरमच्या मॅनहोलमध्ये उतरला. त्यामागे राज्य सरकार उभे राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. भरपाईच्या आधी यंत्र पोहोचावे, असे संशोधन कोणाच्या प्राधान्यक्रमात आहे?

आपल्यातले काही साथी म्हणतील, भांडवलदारांच्या पैशावर बहिष्कार टाका. मला ते मान्य नाही. ज्याच्या घरात खायला आहे त्याला बहिष्कार परवडतो. पात्र असलेल्या प्रत्येक मुलामुलीने अर्ज करावा, फेलोशिप मिळवावी आणि ताठ मानेने घ्यावी. पण समाज म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात.

एक, ज्या फेलोशिपमध्ये सरकारचा एक रुपयाही आहे किंवा जी सीएसआरच्या खात्यात दाखवली जाते, तिथे संविधानाप्रमाणे अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे आरक्षण लागू करा.

दोन, अर्जदार आणि निवड झालेले यांची प्रवर्गनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर करा.

तीन, संस्थांची बंद यादी रद्द करा. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातल्या विद्यार्थ्यालाही अर्ज करू द्या.

चार, जोडीची अट असेल तिथे एकट्याने अर्ज करण्याची मुभा द्या.

पाच, बार्टीची फेलोशिप पूर्ण दराने, वेळेवर आणि जागांची कात्री न लावता द्या. कंपनी आली म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही.

आणि एक काम आपले स्वतःचे. ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकात ग्रंथालय आहे, वस्त्यावस्त्यांत बुद्धविहारे आहेत. आपल्यातले जे इंजिनिअर आज महापे आणि ऐरोलीत नोकरी करतात, त्यांनी रविवारचे दोन तास तिथे द्यावेत. संशोधनाचा प्रस्ताव कसा लिहायचा, सादरीकरण कसे करायचे, गेटचा अभ्यास कसा करायचा, हे शिकवावे. उच्चजातीय मुलाला हे घरच्या जेवणाच्या टेबलावर फुकट मिळते. आपल्या मुलांना ते विहारात मिळू दे. तिथेच त्यांच्या जोड्याही जमतील. बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हटले, त्यात हेही येते.

पुढच्या वेळी असे पोस्टर ग्रुपवर आले की अंगठा दाखवण्याआधी खाली तीन प्रश्न लिहा: कोणत्या कॉलेजांना? आरक्षण आहे का? मागच्या वर्षी आपले किती? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

जय भीम! जय संविधान!